पाच बायांचं हिरवं बटण

ता. ९ जानेवारी, शुक्रवार

पोचलं बाप्पा एकदाचं! माझी नात पल्लवी सकाळपासून तोंड आंबट करून लॅपटॉपसमोर बसली होती. दुपारी एकदम टाळी वाजवली, "आजी, आली!" म्हटलं कोण आलं, दारात तर कोणी नाही. तर आली ती नोंद.

तिच्या कंपनीचं औषधाचं ॲप हाये. गोळी घेतली की हिरवं बटण, नाही घेतली की लाल. दाबलं की कोणी दाबलं, काय दाबलं, केव्हा, कुठून, अशी ओळ मोबाईलातून निघते आन दूर कुठं भाड्याच्या मोठ्या कम्प्युटरात जाऊन बसते. त्याले क्लाऊड म्हणतात. ओळी तिथपर्यंत पोचवायच्या, तेवढंच पल्लवीचं काम. तेवढंच म्हटलं तर रागावली. "वाटेत एकही हरवली नाही पाहिजे आजी. नेट नसलं तर मोबाईलातच थांबून राहील, नेट आलं की जाईल." म्हटलं, म्हणजे कन्हानच्या बसची वाट पाहणारी बाईच की.

कंपनीवाले आधी आमच्या बुद्ध विहारातल्या पाच बायांवर आजमावून राहिले. पहिली ओळ माझी! सुमन, इंग्रजीत. मी म्हातारपणी प्रौढ वर्गात पाटी धरली, आन माझं नाव कुठच्या कुठं गेलं पाहा.

ता. १२, सोमवार

तुरीच्या शेंगा उकडल्या. पल्लवीनं गंजभर खाल्ल्या. पुण्याले होती तेव्हा काय खात होती कोण जाणे, मनगट पाहा कसं झालं. आता घरूनच काम. माझं घर भरलं.

सायंकाळी विहारात वंदना झाली की बाया आपापला मोबाईल माझ्या मांडीवर टाकतात. "सुमनबाई, आमचं दाबून दे न वं." बँकेची स्लिप मीच भरते, रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा मीच धरून ठेवते, तसंच हे. मी उगाच नाही दाबत. विचारते, "घेतली न वं?" "घेतली, घेतली." मग हिरवं, हिरवं, हिरवं. शेजारची शेवंता म्हणते, "माझं जोरानं दाब, माझी साखर जास्त हाये." हसून हसून पोट दुखलं.

ता. १५, गुरुवार

काल संक्रांत, तिळाचा लाडू तोंडात घातला नाही पोरीनं. साहेबाचा फोन होता. दार लोटलेलं होतं, पण ऐकू आलं. साहेब म्हणत होता, पाच बाया, पाचही नोंदी रोज एकाच जागेवरून, एकामागं एक, सगळ्या हिरव्या. खरी माणसं अशी नसतात. घरी बसून तूच बनवल्या का?

माझी नात आन खोटी?

जेवताना म्हणे, "माझ्याच कामात गफलत असेल. दाबल्याची वेळ न जाता पोचल्याची वेळ जात असेल." सोमवारपर्यंत शोधायचं. नाहीतर काम दुसऱ्याकडं. मग? मग पुन्हा पुणं. विचारलं तर म्हणे, "काही नाही आजी, भाजी मस्त झाली." भाजीत मीठच नव्हतं.

ता. १७, शनिवार

प. (एवढं लंबं नाव लिहून हात दुखते) विहारात आली. सगळ्यांचे मोबाईल तपासायचे म्हणे. दारात चपला काढून वर पाहते तर मी बसलेली, पाच मोबाईल मांडीत, बोट हिरव्यावर.

घरी येताना कोपऱ्यावरच्या ओट्यावर बसली.

"आजी, रोज असंच?"

"हो. काहून?"

अशी हसली, अशी हसली, आन मग डोळे पुसले. "दोन दिवस मी माझीच चूक धुंडाळून राहिली गं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, साहेब म्हणे त्या एकामागं एक ओळी माझ्याच बोटाच्या. म्हटलं, "मी काय चोरी केली? विचारून दाबते."

"शेवंताआजींनी खरंच घेतली होती?"

"घेतली म्हणते."

"म्हणते," प. म्हणाली, आन उठली.

ता. १८, रविवार

मी शे. (शेवंता) कडं गेली. डब्बा उघडायला लावला. गोळ्यांची पानं जशीच्या तशी.

"काहून वं?"

"गरगरते त्यानं. मोरीत पडली मी. सुनेले सांगतलं तर डॉक्टर, डॉक्टर म्हटलं की खर्च. विचारलं की हो म्हणून टाकते."

"मग लाल होतं न!"

"दाबणारी तू. मले कोणी दाबू दिलं?"

रोज विहारात त्याच जागी बसून आम्ही खोटं न बोलण्याचं शील घेतो, आन लगेच पुढं हे. तिनं चहा केला, दोन्ही कपांत साखर. मी माझाही प्याली, तिचाही प्याली, तिले नाही दिला.

घरी येऊन प. ले म्हटलं, पुसून टाक वं सगळ्या ओळी, नाव नको गाव नको. म्हणे, "तिथं गेलेली ओळ पुसायची नसते आजी. चुकीची असली तरी राहते. पुढं खरी पाठवायची." आन अजून एक सांगतलं तिनं. साहेबानं शंका यायच्या आधीच ह्या हिरव्या ओळी वरच्या लोकांले दाखवल्या होत्या. बाया एकही गोळी चुकवत नाहीत म्हणून शाबासकी घेतली. म्हणजे खरं सांगतलं तर साहेबाचं नाक जाते.

"मग माझ्या चुकीवरच मिटव न. शेवंताचं काहून काढते?"

"तिच्या गोळ्यांसाठीच तर हे ॲप हाये न आजी."



ता. १९, सोमवार

साहेबाचा कॉल दुपारी होता. त्याच्या आधी शे. आली, मोबाईल पदरात; कालच तिले म्हटलं होतं, आता तुझं तूच दाब.

"कुठं दाबू?"

मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. खाज सुटली होती हातांले, खरं सांगते. तिचं बोट भांडी घासून घासून खरबरीत, काचेले समजेच ना. फुंकर मारली, पदराले पुसलं, पुन्हा. दाबलं. लाल.

लॅपटॉपवर काहीच नाही. नेट गेलं होतं. प. म्हणे, "थांबा, मोबाईलात बसली हाये." आम्ही तिघी पाहत बसलो. कुकरची शिट्टी झाली तरी कोणी उठलं नाही. मग आली. शेवंता, नाही घेतली.

प. म्हणाली, "शेवंताआजी, उद्या आपण डॉक्टरकडं जाऊ, गरगरते ते सांगू."

शे. ओळीकडंच पाहत होती. "तो साहेब मले रागावन का आता?"

"तुम्हाले काहून रागावन?"

"मग कोणाले?"

पोरीनं घड्याळ पाहिलं, कॉलची वेळ झाली होती. लॅपटॉप उचलून आत गेली, दार लोटलं. आम्ही दोघी भाजी निवडायच्या नावानं दाराजवळच बसलो. पहिला आवाज तिचाच आला, अगदी शांत: "सर, माझ्याकडून काही चुकलेलं नाही. नोंदी जशा निघाल्या तशाच पोचल्या. पण त्या खऱ्या नाहीत."

आन मग माझ्या बोटापासून सुरू करून तिनं सगळं सांगायले घेतलं.