युरियाची दुसरी बोरी

बुधवार, मे महिना. संध्याकाळी, अंगणात.

अंगठा अजून चिकट आहे. की मलाच तसं वाटतंय?

तीस वर्षं कृषी सहायक होतो. गावोगाव माझं एकच भाषण: युरिया जास्त टाकला की खरबूज फुगतं, पण गोडी जाते अन् कोल्ड स्टोरेजात टिकत नाही. आणि यंदा शेजाऱ्याचे वेल जास्त हिरवे दिसले, तर मीच जाऊन आपल्या खरबुजांना अख्खी बोरी युरिया टाकून आलो. कावून? जळलो, दुसरं काय! शेवटच्या तीन ओळी तेवढ्या राहिल्या, कारण बोरी संपली. घरी दुसरी होती, पण ती काही सापडेना.

आज वरूडला व्यापारी रहीमभाईंनी दोन आठवड्यांनी माझा माल कोल्ड स्टोरेजातून बाहेर काढला. सगळ्यात मोठं खरबूज मी ऐटीत उचललं, तर अंगठा पार आत! नुसतं पाणी. फक्त त्या तीन ओळींचे क्रेट घट्ट अन् गोड. क्रेटवर ओळींचे आकडेही मीच टाकलेले. नोकरीची खोड.

रहीमभाई म्हणाले, "साहेब, या तीन ओळीले काय देलं होतं तुमी?"

"शिफारशीप्रमाणे," मी म्हटलं. अंगठा खिशात.

घरी येऊन हिला खरं सांगितलं. डाळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "दुसरी बोरी तुराट्याच्या गंजीमांगं मीनंच लपवली होती. तीस वर्सं तुमचं भाषण आयकून राहिली मी. घरातल्या एकानं तं मनावर घ्या लागते ना!"