कादंबरीतल्या आत्याचं पान

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचे वाचक काही माझा पिच्छा सोडत नाहीत. कुणाला शेवट पटलेला नसतो, कुणाला नायकाचे कान उपटायचे असतात. एका गृहस्थांनी तर खाडीच्या भरतीची वेळ चुकली म्हणून मला झापलं. मी लिहिली होती का ती भरती? तुम्ही मस्त सुटलात. पण आज पूर्णा गावाहून जो फोन आला, त्याने मला दुपारभर एका जुन्या शुक्रवारात नेऊन बसवलंय.

शुक्रवार, म्हणजे गल्लीतले यंत्रमाग, आपले लूम, बंद. एरवी त्या खडखडाटात आपण ओरडूनच बोलायचो. त्या दिवशी मात्र धामणकर नाक्यामागच्या आपल्या खोलीत घड्याळसुद्धा ऐकू यायचं. आई बोंबील तळतेय. तुम्ही लुंगीवर बसून साप्ताहिकाचा ताजा अंक चाळताय. पहिल्या पानावर तुमच्या बातम्या, मागच्या पानावर तुमचीच क्रमशः कादंबरी, दोन्हींखाली नाव एकच. त्या आठवड्यात कादंबरीतल्या 'मी'ची थोरली बहीण खाडीत बुडाली होती. दारात पूर्ण्याच्या तीन-चार बाया येऊन उभ्या राहतात, डोक्यावर टोपली. "दादा, पेपरान वाचला, तुमची ताय गेली," पुढची म्हातारी म्हणते. "चूल नका पेटवू. आमी भाकऱ्या आनल्यान."

सुतकाच्या घरी लोक जेवण पोचवतात, तसं त्यांनी आणलं होतं. बातम्या लिहिणारा माणूस खोटं कशाला छापेल? आईने घाईघाईने गॅस बंद करून बोंबलांवर ताट झाकलं, पण वास कुठे झाकणार! तुम्ही तर एकुलते एक. सांगायला तोंड उघडलंत, तेवढ्यात म्हातारीने तुमच्या डोक्यावर हात ठेवला. "रर रं पोरा. बहिनीसाठी ररला त काय व्हतं?" आणि तुम्ही खरंच रडायला लागलात, हमसून हमसून. त्याआधी मी तुम्हाला कधी रडताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. बाया गेल्यावर आईने विचारलं, "अहो, रडलात कुणासाठी?" तुम्ही त्यांचीच भाकरी मोडत म्हणालात, "तिच्यासाठीच. मारली मीच ना."

आजचा फोन त्या म्हातारीच्या नातीचा. त्यांचं शेत होतं तिथे आता गोदामं आहेत, त्यातल्याच एकात ती पॅकिंगच्या ड्युटीला असते. "मॅडम, आजी दर सर्वपित्रीला आमच्या पितरांसोबत तुमच्या आत्याचा बी पान ठेवते. आता तिला उठवत न्हाय. मना सांगते, यंदापासून तू ठेव." मग म्हणाली, "खरा सांगा, ती व्हती ना? नसंल त मी कशाला ठेवू?"

काय सांगायला हवं होतं, बाबा? ती नुसती गोष्ट होती म्हटलं असतं, तर म्हातारीचं इतक्या वर्षांचं रांधणं फुकट गेलं असतं आणि खाडीतली ती बिचारी पुन्हा एकदा बुडाली असती. मी म्हटलं, "होती. माझी आत्या होती ती." जीभ जराही अडखळली नाही. मला तर त्या क्षणी तिचा चेहराही दिसला, तुमच्यासारखाच, रुंद कपाळाचा. मुलगी सुटल्यासारखी हसली. "मंग बरा. दादा गेल्यापासून आजी त्यांचा पान बी तिच्या बाजूलाच ठेवते. भाव-बहीन एकत्र जेवतात, बोलते."

तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, म्हणून आपल्या घरी तुमचं पान कधी ठेवलं गेलं नाही. आणि तुम्ही मात्र दरवर्षी पूर्ण्याला जेवून जात होतात, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर! हे पत्र आता कुठल्या पेटीत टाकू? राहील इथेच. पण लिहायला बसलेच आहे तर सांगून टाकते, तुमच्या त्या नसलेल्या बहिणीचा मला फार हेवा वाटला.