पिंगळीच्या लारीचे ब्रेक आणि आपल्या दोघांच्या सासूबाई

॥ श्री शिव प्रसन्न ॥

मुक्काम पिंगळी,
मार्गशीर्ष वद्य तृतीया

श्रीयुत लिंगराजअण्णा यांच्या सेवेशी धाकटा साडू वीरुपाक्ष याचे सादर शरणार्थ. इकडे शिवकृपेने सर्व ठीक आहे. तिकडे उमाअक्कांचा गुडघा आणि तुमचा खोकला कसा आहे ते कळवावे. माझ्या डाव्या कोपराला थोडे खरचटले आहे आणि महानंदेच्या, म्हणजे तुमच्या मेहुणीच्या, केसांतून अजूनही मधूनच कडब्याचे पान निघते, पण याला दुखणे म्हणता येणार नाही. खुलासा पुढे येईलच.

मागल्या आठवड्यात सोमवारी मी आपल्या दोघांच्या सासूबाईंना, म्हणजे भागम्मामामींना, माझ्या लारीतून पूर्णेला आणून पोचवणार होतो. तुम्ही दिवसभर वाट पाहिली असेल आणि उमाअक्कांनी पुरणही शिजवले असेल. आम्ही आलो नाही याची दिलगिरी आहे. का आलो नाही हे तुमच्या कानावर गेलेच असणार, कारण पिंगळीत कुणी ठेचकाळले तरी पुढल्या पाशिंजरने बातमी पूर्णेच्या लोकोशेडात उतरते. पण रेल्वेची माणसे तिखटमीठ लावून सांगतात, तेव्हा घडले ते माझ्याच हातचे वाचलेले बरे. (लारी रुळावर गेली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो.)

लारी तुम्ही पाहिली आहे. सडकेचे ठेके घेणाऱ्या गुत्तेदाराकडून घेतलेली, पुढे दोघांना बसायला जागा आणि मागे तेलाचे वीस डबे मावतील एवढी पेटी. घेतली तेव्हापासून तिचे ब्रेक नावालाच होते. पण दोन वर्षे मी तिला काही न धडकवता चालवली, ती माझ्या युक्तीने. थांबायचे ठिकाण दिसले की शंभर पावले आधीच गिअर उतरवायचा, चढाकडे तोंड करायचे, आणि अगदीच न ऐकली तर शेजारी ठेवलेला बाभळीचा ओंडका उडी मारून चाकापुढे टाकायचा. गावाला याची सवय होती. परभणीच्या मोंढ्यातही मी आलो की लोक आपणहून वाट देत. मामी दिवाळीनंतर आमच्याकडे आल्या आणि त्यांनी ही ओंडक्याची कसरत एकदा पाहिली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, थांबत न्हाई त्या गाडीत मी बसायची न्हाई. पूर्णेला पायी जाईन."

आता सासूबाई पायी पूर्णेला निघाल्या तर वाटेतल्या मिरखेलपर्यंत माझी अब्रू काय उरेल? म्हणून ब्रेक नवे करायचे ठरवले, आणि तेही घरीच. तुम्हाला का बोलावले नाही, असे मनात येईल. तुम्ही एवढ्या मोठ्या इंजिनांचे फिटर, तुम्हाला या टीचभर कामाची तसदी कशाला द्यावी, एवढाच हेतू. गेल्या शिवरात्रीला पंगतीत "तेलामिठाच्या माणसानं तागडी धरावी, पाना धरू नये" असे तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणाला होतात, त्याचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही. ते मी केव्हाच विसरलो आहे. (तेव्हा पानात दुसऱ्यांदा आंबील वाढत होते.)

तुम्हाला हे ठाऊकच आहे, पण मला नुकतेच कळल्यामुळे सांगितल्यावाचून राहवत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला एक लोखंडी डबा असतो. त्यात चंद्रकोरीसारखे दोन नाल असतात आणि त्या नालांवर पट्ट्याचे अस्तर ठोकलेले असते. पायाने दाबले की नाल फाकतात, अस्तर डब्याला घासते आणि चाक थांबते. पाय काढला की स्प्रिंगा नालांना परत ओढून घेतात. आमच्या नालांवर अस्तर असे उरलेच नव्हते, खिळ्यांची डोकी तेवढी होती. लारी ओंडक्यांवर चढवून मी उत्साहाच्या भरात चारही चाके एकाच सकाळी उघडली. मामी ओट्यावर गहू निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "एक चाक तसंच राहू द्या की. कसं हुतं ते बघायला." मी त्यांना समजावले की यंत्र म्हणजे भाकरी नव्हे, त्याचे शास्त्र असते आणि ते डोक्यात ठेवावे लागते. त्यांनी मान हलवली आणि गव्हातला एक खडा काढून टाकला. तो खडा त्यांनी फार सावकाश टाकला, हे माझ्या आत्ता ध्यानात येते.

आठ नाल मी अंगणात धोतरावर ओळीने मांडले. कोणता कुठला हे शास्त्रशुद्ध डोक्यात होतेच. मग जेवायला उठलो, आणि डाळीच्या दुसऱ्या वाटीपर्यंत ते डोक्यातून गेले. स्प्रिंगांचे तर विचारू नका. एक बसवायला घेतली ती हातून सुटली, भिंतीवरून गेली आणि शेजारच्या बायनाबाईंच्या तांब्याच्या घागरीवर अशी आदळली की त्या "गोळी घातली, गोळी घातली" करत रस्त्यावर आल्या. घागरीला पोचा पडला आहे. बायनाबाई तो आल्यागेल्याला दाखवतात आणि दर वेळी तो थोडा खोल झालेला असतो.

अस्तराचे सामान सध्याच्या महायुद्धामुळे परभणीत नाही, हैदराबादेतही नाही. म्हणून मी जिनिंगच्या कारखान्यातला जुना विणलेला पट्टा आणला, अडकित्त्याने कापला (अडकित्ता आता सुपारीच्या कामाचा राहिला नाही) आणि तांबटाकडून खिळे करून नालांवर ठोकला. सगळे जोडून झाल्यावर एक स्प्रिंग उरली. बनवणारे धोरणी असतात, एखादी जास्तीची देत असतील, असे समजून मी ती गल्ल्यात ठेवली. आणि मग, अण्णा, मी माझ्या पदरचे एक काम केले. आम्ही तेलाचे व्यापारी. कुरकुरते ते तेलाने गप्प होते, हे आमच्या घरात तीन पिढ्यांचे ज्ञान. मी उत्तम घाण्याचे करडईचे तेल घेऊन आठही अस्तरांना पोटभर पाजले. मामी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "घासून थांबतंय न्हवं हे? मग घासायचं त्याला तेल कशाला? जात्याच्या दगडाला कुनी तेल लावतंय का?" मी हसलो. महानंदेलाही हसायला सांगितले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लारी बाहेर काढली. मामींनी बसायला नकार दिला. "आधी तुमी जाऊन या," म्हणाल्या. हे गल्लीसमोर झाले, म्हणून माझे तोंड उतरलेले पाहून महानंदा आपणहून शेजारी येऊन बसली. सपाटीवर लारी छान चालली. पाय दाबला तेव्हा थांबली नाही, पण नवे ब्रेक अंगवळणी पडायला वेळ घेत असतील असे मी महानंदेला सांगितले. पुढे तो उतार येतो, खाली रेल्वेचे फाटक आहे. फाटक बंद होते.

इथून पुढचे मी इतक्या थट्टेने लिहू शकत नाही. मी दाबले, ब्रेकचे पायदान तळाला टेकले आणि गाडी जणू लोण्यावरून निघाली. गिअर घातला, तो दात खाऊन बाहेर पडला. ओंडका घरी राहिला होता, कारण नव्या ब्रेकांना तो अपमानकारक वाटला असता. पाशिंजरची शिट्टी ऐकू आली आणि फाटकवाला हातातले लाल फडके आमच्याकडे करून ओरडताना दिसला. अण्णा, त्या क्षणी मला शास्त्र, तेल, काहीच आठवले नाही. एवढेच वाटले की ही माझी लाज राखायला बसली आहे. महानंदेने किंकाळी फोडली नाही. माझी बाही धरली आणि म्हणाली, "आवं, डावीकडं घ्या. माणिकरावांची गंजी हाय." मी चाक फिरवले. माणिकराव पाटलांची कडब्याची गंजी घराएवढी आहे, किंवा होती. आम्ही तिच्यात शिरलो आणि सगळीकडे अंधार झाला. बाहेरून पाशिंजर खडखडत गेली, ती ऐकत आम्ही आत बसलो होतो. गाडी गेल्यावर मी विचारले, "लागलं का गं?" ती म्हणाली, "न्हाई. तुमाला?" मग ती रडली. मीही, पण कडब्याची धूळ फार होती.

लोकांनी आम्हाला ओढून काढले. तेवढ्यात मामी आल्या. साठीच्या बाईने घरापासून फाटकापर्यंत अनवाणी पळत यावे, हे मी प्रथमच पाहिले.  त्यांनी लेकीला खाली बसवले, तिच्या केसांतला कडबा एकेक करून काढला, तिचे हातपाय चाचपले आणि घरी घेऊन गेल्या. त्या दिवशी माझे ताट वाढले, पण माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही पंगतीत काही बोललात तर माणूस उत्तर तरी देऊ शकतो. 

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गेलो, तर मामी पदर खोचून बैलांनी ओढून आणलेल्या लारीपाशी बसलेल्या. म्हणाल्या, "काढा चाक. एकच काढा." ते एक पुरे बसेपर्यंत त्यांनी मला दुसऱ्याला हात लावू दिला नाही. तेल प्यालेले अस्तर आम्ही राखेने घासले, रिठ्याने धुतले, पण करडई काही सुटेना. शेवटी नवा पट्टा कापला. खिळ्यांची डोकी वर राहिली होती. मामींनी बोट फिरवून सांगितले, "ही डबा ओरबाडतील. आत दाबा." मी दाबली. डबेही आम्ही वाळूने घासून कोरडे केले. स्प्रिंग बसवायची वेळ आली तेव्हा मी लांब उभा राहिलो. मामींनी सुतळीचा फास करून स्प्रिंगेच्या आकड्यात अडकवला, नालाला पाय लावला, पाठ मागे टाकून ओढले, आणि आकडा भोकात टुक्कन बसला. मग सुतळी सोडवून घेतली आणि जपून कनवटीला लावली. त्यांनी हे कुठे पाहिले होते? कुठेच नाही. "खाट विणताना असंच ओढतेत की," म्हणाल्या. गल्ल्यातली स्प्रिंगही मागून घेतली. ती पुढच्या उजव्या चाकाची निघाली.

चार चाकांना चार दिवस लागले. प्रत्येक चाक बसले की त्या ते हाताने फिरवत आणि कान लावून ऐकत, जाते जड जाते की हलके, तसे. चारही सारखी फिरेपर्यंत मला पाना ठेवू दिला नाही. पाचव्या दिवशी त्या स्वतः पुढच्या जागी बसल्या. मी म्हटले, मामी, आधी मी एकटा जाऊन येतो. त्या म्हणाल्या, "लेकीला बसवलं तवा न्हाई सुचलं. चला." तोच उतार, तेच फाटक, या वेळीही बंद. मी पाय दाबला. लारी फाटकापासून दहा हात अलीकडे उभी राहिली, सरळ, हूं की चूं नाही. मामींनी खाली उतरून पुढचे चाक हाताने चाचपले आणि म्हणाल्या, "आता बरं हाय." फाटकवाल्याने त्यांना नमस्कार केला. मला केला नाही.

तेव्हापासून माझ्या घरी माझे काही चालत नाही. सकाळी त्या पायदान दाबून पाहिल्याशिवाय लारी हलत नाही. दुकानात तेलाला हात लावला की "कशाला पायजे?" असे विचारतात. माणिकरावांच्या गंजीची भरपाई म्हणून मी आठ दिवस त्यांच्या सरकीच्या गोण्या फुकट वाहाव्यात, हेही त्यांनीच ठरवले, आणि मी आलो तोवर माणिकराव चहा पिऊन गेलेही होते. मोंढ्यातले दोन लारीवाले परवा मुद्दाम ब्रेक दाखवायला आले. मला म्हणाले, "मामी हायत का घरी?" अशा परिस्थितीत जावयाने किती दिवस काढावेत? शिवाय उमाअक्काही मोठी लेक, आईवर तिचा हक्क पहिला. दीड महिन्याच्या वर एका लेकीकडे राहायचे नाही हा मामींचा नेम तुम्ही जाणताच. तो या सोमवारी भरतो. तरी मोठ्या मनाने आपली अमानत आपण सांभाळावी. उमाअक्कांस शरणार्थ. जास्त लिहून तुमच्या डोळ्यांना शीण देत नाही.

तुमचा आज्ञाधारक,
वीरुपाक्ष

ता. क. मामींनी गाठोडे बांधले आहे. काल बांधले. महानंदा कालपासून नीट जेवलेली नाही.

ता. क. दुसरा. वर लिहिले ते व्यवहार म्हणून लिहिले. खरी विनंती अशी की तुम्ही तुमच्या हाताने एक पत्र मामींना टाकावे, सोमवारच्या आत पोचेल असे. क्वार्टरला चुना देणे चालू आहे, संक्रांतीपर्यंत आईंनी येऊ नये, असे लिहावे. माझे नाव कुठेही येऊ देऊ नये. मागचे डावे चाक अजून किंचित ओढते आणि ते माझ्या कानाला कळत नाही.

ता. क. तिसरा. हे लिहीत असताना मामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी कागद झाकला. त्यांना वाचता येत नाही, तरी त्या म्हणाल्या, "लिंगराजला चुन्याचं लिवू देऊ नका. दिवाळीला चुन्याचंच सांगून त्यानं मला हिकडं धाडलं हुतं. ढेकणाचं लिवा म्हनावं. ढेकणाचं मला लय वावडं हाय." आणि तांब्या ठेवून गेल्या. तरी अण्णा, ढेकूणच लिहावेत. पण फार झालेत असे लिहू नका, नाही तर त्या कंबर बांधून त्यांचा बंदोबस्त करायला तुमच्याकडे निघतील.