पितृपक्षातला भात

बाबा, गाय ढेकर देते त्यानेही पृथ्वी तापते, हे तुम्हाला माहीत होतं का? जन्मभर जनावरांचे डॉक्टर होतात म्हणून विचारते. तुमची नात कॉलेजात हेच शिकते आहे. परवा जेवताना मी म्हटलं, मग गाई कमी करायच्या की काय? तिने नेहमीप्रमाणे हिंदीत उत्तर दिलं, "मम्मी, बीमार गाय भी डकार लेती है, बस दूध नहीं देती. इलाज करो, तो उतने ही दूध के लिए कम गायें लगेंगी." हे तर तुम्ही बूढापाऱ्यातल्या आपल्या गल्लीत उभं राहून ओरडायचात, "एक गाय धड ठेवा ना! तीन-तीन कायले बांधून राहिले?" तेव्हा वाटायचं, बाबा उगाच लोकांचं डोकं खातात.

पितृपक्ष म्हणजे तुमचा सगळ्यात धावपळीचा पंधरवडा. घरोघरी श्राद्ध, घरोघरचा गोग्रास, आणि खाणारी गाय एकच, आपल्याकडे दूध घालणाऱ्या राउताची. मी दहा वर्षांची असेन. त्या दुपारी ती आडवी पडली आहे, डावी कूस फुगलेली, रवंथ बंद. तुम्ही माझी मूठ धरून तिच्या कुशीच्या खळग्यात दाबता. "काही हलून राहिलं का, पोट्टी?" काहीच हलत नाही. एवढ्या मोठ्या पोटात इतकं शांत कसं, याचंच मला नवल वाटतं. "भात आंबला पोटात," म्हणत तुम्ही राउतावर उखडलात, "काहून सोडलं तिले घरोघरी खायले? पुण्य लोकायचं, अन् जीव हिचा!" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हव साहेब, गलती होगे."

गाय वाचली, पण पोटातलं आंबण खुरांत उतरलं, पुढे लंगडायची, दूधही आटलं. राउताने तिला विकलं नाही, शेजारी आणखी दोन आणून बांधल्या. एका गाईच्या दुधाला तीन पोटं. नातीचं ऐकल्यापासून त्या तिघी माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुम्ही कितीक गाई बऱ्या केल्या असतील, आणि त्यामुळे किती जादा गाई कुणाला बांधाव्याच लागल्या नसतील? हे मोजता येतं का हो? नात म्हणते, येतं. मला तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.

आता पितृपक्षात तुमचंही पान वाढते. गोग्रासाला भाताची चार शितं आणि हिरव्या गवताची पेंढी देते. गुरुजी कुरकुरतात. हे पत्र त्या पानाशेजारी ठेवायचं मनात होतं, पण नाही ठेवत. तुम्ही खरंच वाचलंत तर काय, अशी अजून भीती वाटते. गाय आडवी पडली त्याच्या आदल्या दिवशी आईने वाटीभरच घास दिला होता. गाय आवडीने खाते म्हणून उरलेल्या भाताचं अख्खं पातेलं मीच तिच्यापुढे ओतलं. राउताने ते पाहिलं होतं, तरी गलती झाली असं तोच म्हणाला.