काठी पंख्याने पडली

प्रिय पंचबाई,

तुझं पत्र परवा मिळालं. भावाने वरची खोली तुला कायमची दिली हे वाचलं. खोलीला दोन खिडक्या आहेत हेही वाचलं. त्यातली एखादी पश्चिमेला असेल तर पडदा जाड कापडाचा शीव, पातळ कापड वर्षभरात विटतं. कारखान्यात पडून असलेल्या तुझ्या शिलाई मशीनला एखादं गिऱ्हाईक बघायला सांगितलंयस. बघतो. पण त्याआधी तुझ्या पत्रातली एक चूक दुरुस्त केली पाहिजे, नाहीतर मला जेवण गोड लागायचं नाही. तू लिहिलंयस की आपला उंच उडीवाला बगळा दुसऱ्या ऑलिम्पिकला चौथा आला. चौथा नव्हे, पाचवा. चौथा आला तो सोनेरी बुटांचा, ज्याला तू नवरदेव म्हणायचीस.

पुढच्या महिन्यात ऑलिम्पिक सुरू होतंय, म्हणून काल टीव्ही फळीवरून खाली काढून पुसला. गाद्यांच्या कारखान्यात टीव्ही ठेवायचा म्हणजे काय असतं ते तुला सांगायला नको. कापसाचे तंतू उडून सगळे पडद्यावर जाऊन बसतात. आपण पहिल्यांदा बघायला बसलो तेव्हा आई म्हणाली होती, बिचारी पोरं, एवढ्या बर्फात उघड्या पायांनी पळतायत. तू उठलीस आणि ओल्या फडक्याने बर्फ पुसून काढलास. आईने तुझ्याकडे जे बघितलं ना, तेव्हापासून ती तुझ्या बाजूची झाली. तिचं टीव्ही बघणं अजून तसंच आहे. जिम्नॅस्टिकच्या मुली दांडीवर चढल्या की दोन्ही हात डोळ्यांवर, आणि बोटांच्या फटीतून त्यांना दम देणं, हळू गं, पडशील, आई कुठंय तुझी.

तो नियमही तेव्हाच ठरला, आणि तो तुझा होता. उद्घाटनाचं संचलन चालू असताना प्रत्येकाने एकच खेळाडू निवडायचा. निवडला की बदलायचा नाही. पहिल्याच फेरीत बाद झाला तरी शेवटच्या दिवसापर्यंत तोच आपला. मी बगळ्याला निवडलं ते उगाच नाही. महिनाभर पेपरातली कात्रणं जमवून, कोण किती उंच उडतो, वळण कसं घेतो, कोणता पाय टेकतो, हे सगळं बघून निवडलं. मला गादी शिवायलाही कुणी शिकवलं नव्हतं. लॉजवाल्याने टाकून दिलेली एक जाडजूड गादी मी उसवली, आत काय काय कसं भरलंय ते बघितलं आणि परत शिवली. माणसाने कुठलीही गोष्ट उसवून बघितल्याशिवाय तिच्यावर बोलू नये, हे माझं मत तुला ठाऊक आहे. ते ऐकून तू जांभई द्यायचीस हेही मला ठाऊक आहे.

आणि तू कुणाला निवडलंस, तर झेंडासुद्धा कुणाला ओळखता येईना अशा देशाच्या एका मॅरेथॉनवाल्याला. का, तर तो संचलनात तोंड उघडं टाकून प्रेक्षकांकडेच बघत चालला होता, आणि मागच्याचा पाय त्याच्या टाचेवर पडला तर त्यानेच मागे वळून माफी मागितली. मी म्हणालो, हा शेवटचा येणार. तू म्हणालीस, मालक, कुणीतरी शेवटचा येणारच आहे, तो ओळखीचा असलेला बरा. पहिले दहा आले, पन्नास आले, हातगाडीवाला मामा गाद्या पोचवून परत आला, तरी तू स्टुलावरून हलेनास. मैदानातली माणसं निघायला लागली होती. मग तो आला, एका बाजूला कललेला, आणि पाय ओढत पळतानाही रिकाम्या होत चाललेल्या खुर्च्यांकडे तसाच तोंड उघडं टाकून बघत होता. तू उभी राहून टाळ्या वाजवल्यास. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं लोखंडी अंगुस्तान काढायचं राहून गेल्यामुळे टाळ्यांचा आवाज टिकटिक येत होता. मी वाजवल्या नाहीत. मामाने वाजवल्या. मला राहून राहून वाटतं की मीही वाजवायला हव्या होत्या, पण तेव्हा मी कात्रणं नीट लावत होतो.

आता माझ्या त्या उडीबद्दल. तू दर पत्रात एक ओळ तिच्यावर लिहितेसच, तेव्हा माझंही म्हणणं एकदा लेखी असू दे. बगळ्याला रौप्यपदक मिळालं त्या संध्याकाळी मामा म्हणाला, पाठीवर पडून उडी मारतात यात काय कौशल्य, आमच्या गल्लीतली पोरं गाद्यांच्या ढिगावर रोज मारतात. मला ते सहन झालं नाही. मी चपला काढल्या. कापूस झोडायची काठी दोन ढिगांवर आडवी ठेवली. पावलं मोजली, वळण घेतलं, डावा पाय टेकला, सगळं शास्त्राप्रमाणे. आणि मी वरून गेलो, पंचबाई, हे तू कधीच मान्य केलं नाहीस, पण मी वरून गेलो. नंतर दोन गाद्यांच्या मधल्या फटीत डोकं खाली, पाय वर असा अडकलो, तो भाग वेगळा. मामाने एक पाय धरला, तू एक धरलास, आई लांबून ओरडत होती की कापूस सांडेल. बाहेर निघाल्यावर बघतो तर काठी जमिनीवर, आणि तू खोळीच्या लाल कापडाचा तुकडा हातात धरून उभी. उडी जमली की पांढरा, हुकली की लाल, टीव्हीतल्या पंचासारखं. उडी बाद. मी म्हटलं काठी पंख्याने पडली. तू म्हणालीस, पंच पंख्याचं ऐकत नाही. तेव्हापासून तू पंचबाई. तो पंखा मी मुद्दाम बदललेला नाही. त्याच्या वाऱ्याने अजूनही हलकी वस्तू पडते, कुणीही येऊन खात्री करून घ्यावी.

पुढच्या ऑलिम्पिकला तू ती वजन उचलणारी निवडलीस. तीनदा प्रयत्न करून तिला वजन डोक्यावर नेता आलं नाही. मी म्हटलं, झालं, बसा आता पंधरा दिवस हात चोळत. तिने मात्र खाली वाकून त्या लोखंडाला दोनदा थोपटलं, शेजारच्या गाईला थोपटावं तसं, आणि हसत निघून गेली. तू म्हणालीस, बघा, रागावली नाही त्याच्यावर. तुला माहीत नसेल, पण हल्ली गादी शिवून झाली की गाडीवर चढवण्याआधी मी तिला दोनदा थोपटतो. मामा हसतो. हसू दे.

आणि मग बगळ्याचं शेवटचं ऑलिम्पिक, मागचं. गुडघ्याला पट्टी, केस पांढरे व्हायला लागलेले. पहिल्याच उंचीला तिन्ही प्रयत्न हुकले. मला इतका राग आला की मी म्हटलं, मी बदलतो, तो नवीन पोरगा घेतो. तू मशीनवरून मानही वर केली नाहीस. नियम आहे, एवढंच म्हणालीस. नाइलाजाने बघत बसलो. बाद झालेला बगळा आत गेलाच नाही. उडीच्या त्या मोठ्या मऊ गादीच्या कडेला बसून राहिला आणि ज्या पोराने त्याचा विक्रम मोडला, त्या पोरासाठी डोक्यावर हात नेऊन तालात टाळ्या वाजवत होता. तुझं मशीन थांबलं. तू म्हणालीस, मालक, आज मला तुमचा बगळा आवडला. इतकी वर्षं तो उडत होता तेव्हा तू त्याला नावं ठेवत होतीस. मी तुझ्याकडे बघत राहिलो आणि पोराची विजयी उडी माझी बघायचीच राहून गेली. आयुष्यात चुकलेली ती माझी एकच अंतिम उडी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तुझ्या वहिनी आजारी पडल्या आणि तू भाचरांना सांभाळायला गेलीस. थोडे दिवस म्हणून गेलीस. आता भाचरं मोठी झाली, वहिनी हिंडत्याफिरत्या झाल्या, आणि तू वरच्या खोलीला पडदे शिवतेयस.

मशीनबद्दल लिहायचं राहिलं. खोटं कशाला लिहू, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एकाला त्यावर फुलांच्या कुंड्या ठेवायच्या होत्या. त्याला मी दारातूनच वाट दाखवली. दुसरी बाई चांगली होती, शिवणारी होती, पण पायडल मारताना तिची टाच उचलली जात होती, म्हणून तिलाही नाही म्हटलं. आई आतून म्हणाली, अरे, मशीनला नवरा शोधतोयस की गिऱ्हाईक. मशीनला दर रविवारी तेल घालतो. सुतासारखं चालतंय. आई रोज विचारते, ती येणार आहे का ऑलिम्पिक बघायला, नाहीतर मी लवकर जेवून आडवी होते.

उंच उडीत तीन प्रयत्न असतात, हे तुला मीच शिकवलं. माझा पहिला हुकला तो तू गाडीत बसलीस त्या दिवशी. बोलायचं सगळं पाठ करून आलो होतो, आणि तुला विचारलं काय, तर पाण्याची बाटली घेतलीस का. दुसरा फोनवर हुकला. वहिनी बऱ्या झाल्याचं कळलं म्हणून फोन केला आणि मशीनच्या शटलला कुठलं तेल घालतेस ते विचारून ठेवून दिला. हे पत्र तिसरा प्रयत्न आहे. मी आजवर खेळाडू निवडले ते कात्रणं बघून. या वेळी संचलनाची वाटही बघितली नाही, कारण माझी निवड बगळा टाळ्या वाजवत होता त्याच संध्याकाळी झालीय, आणि नियम तुझाच आहे, बदलता येत नाही. तुझं लग्न राहून गेलं, माझंही राहून गेलं, म्हणून नव्हे. तू इथे असावीस म्हणून. मशीन जिथे होतं तिथेच आहे, आणि कारखान्यामागच्या खोलीला खिडकी एकच असली तरी पूर्वेची आहे. लांबलचक उत्तर लिहू नकोस, पाकिटात कापडाचा एक तुकडा घालून पाठव, पांढरा किंवा लाल. लाल आला तर मशीन विकणार नाही, नीट गुंडाळून तुझ्याकडे पोचवीन, आणि या वेळी पंचाशी वाद घालणार नाही. पंखा बंद करून लिहायला बसलोय. काठी पडलीच, तर ती माझ्याच पायाने पडली असं समज.

तुझाच,
मालक
(हे नावही तूच ठेवलेलं, मालकी कसली ते तुलाच ठाऊक)