दोन रुपये, पण कुठले

शहागंज, औरंगाबाद
सन १९५०, दिवाळीनंतरचा सोमवार

तीर्थरूप सोनाजीमामांच्या पायावर मुंजाबाचं डोकं (कागदावरूनच टेकवतो, गोड मानून घ्या). गुडघा कसा आहे? काळी शेळी व्याली का? मी खुशाल आहे, अन् ते तुमच्यामुळंच, म्हणून हे पत्र.

इथं आडतीवर मी पोती उचलतो. महिन्याचे चौदा रुपये, हाली. (पाचोडात तुम्ही अजून निजामाचा हालीच मोजता, पण इथं गल्ल्यात हिंदुस्थान सरकारचा कलदारही असतो. सात हाली म्हणजे सहा कलदार. मला हे उमजायला तीन दिवस लागले.) मुनशी कमरोद्दीनचाचा माणूस लई सज्जन, पण नजर अधू. त्यांनी चौदा हालीच्या जागी चौदा कलदार मोजले, म्हणजे दोन कलदार जास्तीचे. ध्यानात आलं तेव्हा मी बाजारात दात उपटणाऱ्याभोवतीच्या घोळक्यात उभा होतो (माझे दात शाबूत आहेत). आधी वाटलं, चूक त्यांची, आपण कशाला बोला. मग तुम्ही आठवलात. कळपात घुसलेलं दुसऱ्याचं कोकरू द्यायला आठ कोस चालला होता. शिवाय तूट निघाली की आडतीचा शेठ चाचांना कामावरून काढणार, हे हमालांनाबी ठाऊक होतं.

पैसे परत द्यायला निघालोच होतो, पण दौलताबादची बैलगाडी दिसली. म्हटलं, तिथले पेरू खाऊन यावं. मग चपला घेतल्या. तिसऱ्या दिवशी मात्र जाऊन दोन रुपये चाचांच्या हातावर ठेवले. त्यांचे डोळे भरून आले. शेठसमोर म्हणाले, "बेटा, नौकरी वाचवली तू माझी. कुणी शिकवलं हे?" मी तुमचं नाव सांगितलं, कोकराचंबी सांगितलं. तेव्हापासून दुपारची भाकर मला त्यांच्याच घरी असते. मामा, परगावात कुणी ताट वाढून वाट बघतं, हे तुमचेच उपकार.

तुमचा भाचा
मुंजाबा

ता.क. मामी म्हणायची, ते कोकरू खरजुलं होतं म्हणून तुम्ही एवढ्या घाईनं दिलं. हे मी चाचांना सांगितलं नाय.

आणखी ता.क. आज भाकर वाढताना गौहरचाची बोलून गेल्या. मी दिलेले दोन्ही रुपये हाली निघाले. पेरू अन् चपलांपायी कलदार मोडले, त्याची मोड हालीत आली होती. भरल्या डोळ्यांनी चाचांनाबी तेव्हा दिसलं नाय. पाच आणे चार पै कमी पडले, ते त्यांनी पदरचे घातले अन् मला अक्षरानं बोलले नाय. तेव्हा मामा, तेवढे धाडा. हालीच धाडा. कलदार धाडले तर जास्त होतील, मग मला परत करायला निघावं लागेल, अन् पेरू अजून संपले नायत.