उजव्या हाताची नखं

अकोला,
९ मे १९६५, दुपार

प्रिय शकुन,

वामनमामांनी तुझा हात धरून खिडकीच्या उजेडात नेला आणि "हे तं आमच्या नत्थूच्या बैलाचं शिंग हाय!" असं म्हणून ते पोट धरून हसले, त्या क्षणापासून माझं काही धड राहिलं नाही. हे वाचून कुणालाही हसू येईल. कॉलेजातल्या पोरांना आलंच. तुला त्या वेळी हसू आलं नव्हतं, तेवढं मी पाहिलं. पण तू जे केलंस ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्यावर येतोच.

तुझ्या बाबांच्या बैठकीत बसलो आहे. टेबलावर कोरे कागद होते, त्यातले घेतले. मधलं दार लोटलेलं आहे आणि पलीकडे तुला हळद लावून राहिल्या आहेत. कुणी तरी बेसूर गाते आहे, बाकीच्या हसताहेत. तुझी पार्बताआत्या मला इथे बसवून आत गेली ती गेलीच. "बस इथं, हळद उरकली का येते ते," म्हणाली. माझ्या पायाशी पिशवीत बाटल्या आहेत. मी कशासाठी आलो ते तुला माहीत आहे असं मी गाडीत धरून चाललो होतो. मला तुझ्याकडून एकच वाक्य ऐकायचं होतं: ते मीच काढायला सांगितलं होतं. मामांसमोर नको, नवऱ्यासमोर नको, या बैठकीत माझ्यापुरतं म्हण. मग मी गेलो असतो. दारावर डोकं फोडलं नसतं, कुणाची कॉलर धरली नसती. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, तरी तेवढं जमवलं असतं.

आठवतं का कसं सुरू झालं? तू शिक्षिकेच्या ट्रेनिंगसाठी अमरावतीला आत्याकडे राहायला आलीस, तेव्हा मी त्याच घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहून इंटरला शिकत होतो. तू ओसरीवर पाय पसरून नखं रंगवत बसायचीस. जवाहर गेटजवळच्या बांगड्यांच्या दुकानातल्या त्या स्वस्तातल्या बाटल्या, रंग तीनच: लाल, गुलाबी आणि एक पाण्यासारखा. पिकल्या केळ्यासारखा वास सगळ्या घरात भरायचा. डाव्या हाताची नखं तू झकास रंगवायचीस. उजव्या हाताची मात्र सारवल्यासारखी, रंग कातडीवर आलेला. आपलाच उजवा हात कुणालाही नीट रंगवता येत नाही. मी पुस्तक आपटून म्हणालो होतो, "हे पाहवत नाही, इकडं आण तो हात." आणि तू खरंच आणलास. आत्या भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. "काय वं शकुन," ती म्हणाली, "हात रांधाले हायेत का बाजारात मांडाले?" पण तिने थांबवलं नाही. उलट उपडी पायली आणून दिली, हात टेकवायला.

त्या दिवसापासून डावा हात तुझा आणि उजवा माझा. शनिवारी लावायचं आणि सोमवारी सकाळी पुसायचं, कारण ट्रेनिंगच्या बाई हात तपासायच्या. त्या एका रविवारासाठी आपण काय काय केलं! पाण्यासारख्या पॉलिशमध्ये कपड्यांची नीळ कालवून आभाळ केलं. पांढरा मिळेना म्हणून सफेदा खलून घातला आणि फुटलेली कपाशीची बोंडं काढली. बाटलीतली कुंची जाड पडायची. मी केरसुणीची काडी दातांनी चावून तिची बारीक कुंची केली, ठिपक्यांना बाभळीचा काटा घेतला. तू विचारलंस, एवढा स्थिर हात कुठून आणलास? मी सांगितलं, आमच्या हिवरखेडला पोळ्याच्या आदल्या दिवसापासून बैलांची शिंगं मी रंगवतो. जनावर मान हलवत असतं, तरी रेघ हलू द्यायची नाही. तू म्हणालीस, "मंग मी काय मान हलवून राहिली का?" आणि मुद्दाम हलवलीस, आणि रेघ गेली मनगटावर. ती मी पुसू दिली नाही. नखं वाळेपर्यंत तुला कशाला हात लावता यायचा नाही. आत्या ओरडायची, "आता हिले घास कोणं भरवावं?" तिच्यासमोर मी कधी भरवला नाही, पण तसं वाटायचं, हे आज लिहितो. एकदा आत्याने आजूबाजूला पाहून स्वतःचा पाय पुढे केला होता. "या धाकल्या बोटाले लाव. इथं कोण पाहते." विधवा बाईच्या करंगळीवर लाल ठिपका. आठवडाभर ती मोजे घालावेत तशी पावलं पदरात ओढून बसायची.

मी कोण ते तुला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तुझ्या मामांचा नत्थू म्हणजे माझे बाबा, मामांची जमीन अर्ध्या पिकाच्या बटईने वाहतात, हे मी लपवलं असतं तर तू माहीत नव्हतं म्हणू शकली असतीस. तू उलट खूश झालीस. "म्हंजे ते लाल शिंगाचे बैल तुमचेच? मामाकडं लहानपणी पोळ्याले पाहिले होते मी. सगळ्यात दुरून दिसत." दिसणारच. आमच्याकडे प्रत्येक घराची शिंगाची आपापली रीत असते, तोरणाखालच्या गर्दीत आपली जोडी ओळखू यावी म्हणून. आमची रीत म्हणजे अंगाला हिंगूळ, टोकाला पांढरा, मध्ये बेगडाची चकचकीत पट्टी आणि मुळाशी तीन ठिपके. बाबांच्या आजापासून तीच.

मागच्या पोळ्याला मी गावी जाऊन शिंगं रंगवून आलो, खिशात उरलेलं बेगड होतं. तू ते पाहिलंस आणि हात पायलीवर ठेवलास. म्हणालीस, "तसंच काढ." मी म्हटलं, काय तसंच? "तुमच्या बैलाच्या शिंगावर असते तसं. तीन ठिपके इसरू नको." शकुन, मी तेव्हा तुला म्हणालो होतो की हे घरचं आहे, हे असं कुणावर काढत नाहीत. तू काय म्हणालीस? तू म्हणालीस, "म्हणूनच तं."

या दोन शब्दांवर मी बी.ए. करणार होतो, नोकरी धरणार होतो, तुझ्या बाबांसमोर उभा राहणार होतो. दोन शब्दांवर एवढं रचणारा माणूस मूर्ख, हे मला बडनेऱ्याच्या सगळ्या हमालांनी सांगितलं आहे, तू सांगू नको.

मामा कोर्टाच्या तारखेसाठी आले आणि आत्याकडे उतरले. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या दारात ती शिंगं उभी होती. तू चहाची कपबशी पुढे केलीस आणि त्यांनी हात धरला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग माझ्या लाल झालेल्या बोटांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि हसू थांबलं. "कोणं काढलं हे?" आत्या काही तरी बोलणार होती. तू तिला बोलू दिलं नाहीस. तू म्हणालीस, "यानंच. मले काय माहीत बैलाचं हाय म्हणून."

असं म्हणताना तू हात पदराला पुसत होतीस. वाळलेला रंग पदराला पुसून जात नाही, तुला माहीत होतं. तरी पुसत होतीस.

"बाप माही जमीन वाहते अन् पोरगा माह्या भाचीले दावं लावते?" मामा म्हणाले. त्यावर मी लाल बाटली भिंतीवर आपटली. त्यांच्या अंगावर फेकली नाही, भिंतीवर आपटली. शिंतोडे त्यांच्या पांढऱ्या टोपीवर उडाले तो माझा गुन्हा नव्हे. तो तांबडा ओघळ आत्याच्या भिंतीवर अजून आहे म्हणे, दोनदा चुना मारला तरी वर येतो.

पुढचं तुला कुणी सांगितलं असेल नसेल. ही गोष्ट कॉलेजात पोचली. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून हंबरणं सुरू. एकाने माझ्या वहीवर शिंगं काढली. मी दौत उचलून त्याच्या कपाळावर घातली. माफी माग म्हणाले, मी मागितली नाही, परीक्षेच्या आधीच बिस्तरा गुंडाळला. गुढीपाडव्याला मामांनी बटई मोडली. माझे बाबा, ज्यांनी जन्मात कुणाला उलट शब्द दिला नाही, त्यांनी दोन्ही बैल बाळापूरच्या बाजारात नेऊन विकले आणि येताना दोन्ही दावी खांद्यावर टाकून पायी आले. मला शिव्या घातल्या असत्या तर भांडलो तरी असतो. आता ते दुसऱ्याच्या वावरात रोजाने जातात. मी बडनेऱ्याला एका पेंटरच्या दुकानात पाट्या रंगवतो. अक्षरं चांगली काढतो. हात अजून हलत नाही.

काल आत्या अमरावतीहून तुझ्या लग्नाला निघाली, बडनेऱ्याला गाडी बदलायला उतरली. मी स्टेशनात पाटी लावत होतो. तिने मला शिडीवरून खाली बोलावलं. "शकुननं सांगतलं, सूर्यभान दिसला तं आणजो. तुह्या बाटल्या घे अन् चाल." दुकानातून बाटल्यांची पिशवी उचलून मी तसाच निघालो, अंगावर रंगाचा सदरा. मी ऐकलं ते एवढंच: शकुननं सांगतलं. बाटल्यांचं मी कानाआड केलं. वाटलं, ते निमित्त. वाटलं, लग्नाआधी तुला ते एक वाक्य बोलायचं आहे.

आत्ता, हे लिहिता लिहिता, मधलं दार उघडलं. मी उभा राहिलो. तू नव्हतीस. जानोशातून, वरपक्षाच्या उतारघरातून, उष्टी हळद घेऊन आलेल्या बायकांबरोबरची तुझी नणंद होती, नागपूरची, वेणीला रिबीन. "तुम्हीच का ते नखंवाले?" म्हणाली. "बसा ना, उठता कशाले? वहिनीचा डावा हात झाला, उजवा तेवढा राहिला. आत्याबाई म्हणे, तुमचा हात लई साफ आहे." आणि तिने स्वतःचा हात माझ्या नाकासमोर धरला. "हे असंच काढा, बरं का. घाई करू नका." लाल. टोकाला पांढरा. मध्ये बेगड. मुळाशी तीन ठिपके. मी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "कमळाची कळी. खाली दवाचे थेंब. वहिनीनं स्वतःच्या मनानं काढलंय. साखरपुड्याले आम्ही पाहिलं अन् सगळ्या मागंच लागलो. आमच्या आईच्या हातावरसुद्धा आहे!" मग खिदळली, "आमचा दादा म्हणतो, आता घरात हेच चालू ठेवायचं."

म्हणजे तू विसरली नाहीस. ठिपकेसुद्धा तीनच. एक चुकवला असतास तर मी म्हटलं असतं, ध्यानात राहिलं नाही बिचारीच्या. आमच्या घरात आता ही रीत काढायला शिंग उरलेलं नाही, येत्या पोळ्याला बाबा हिंगूळ भिजवणार नाहीत, आणि ती चालली आहे नागपूरला, तुझ्या सासूच्या बोटांवर, कमळाची कळी होऊन. मामांनी ती पाहिलीच असेल इथे मांडवात फिरताना. या वेळी हसले नसतील.

म्हणून हे पत्र लिहिलं. ज्या वाक्यासाठी थांबलो होतो, ते तू बोलणार नाहीस. तुला बोलायचं होतं ते तू बाटल्या मागवून सांगितलंस. उद्या अंतरपाट दूर झाला की तो तुझा उजवा हात हातात घेईल. तो हात माझ्याकडून कोराच राहील. नणंदेकडून रंगवून घे हवा तर, पण ती घाई करील आणि ठिपके एका रेघेत येणार नाहीत, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही. लाल आणि पांढरी बाटली टेबलावर ठेवतो. बेगड आणि काटा नेतो, ते आमचं आहे. हे पत्र उघडं टाकून जावं असं मनात आलं होतं, तुझ्या नवऱ्याकडच्यांना वाचू द्यावं असं. हात धजला नाही. आत्याची पिशवी इथेच खुंटीला आहे, तिच्या पानाच्या डब्याखाली खुपसतो. ती तुला एकटीला गाठून देईल. गाणं थांबलं आहे. कुणी तरी दाराकडे येतं आहे, बांगड्या वाजताहेत, तूच असशील. मी रस्त्याकडच्या दाराने निघालो, आणि ते दार मी मागे ओढून लावून घेतो.

तुझ्या उजव्या हाताचाच,
सूर्यभान